ईआरपीनेक्स्ट: वर्षभर वापरल्यावर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं पत्र्याच्या पार्ट्सचं वर्कशॉप आहे. आधी हिशेब टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये आणि बाकी सगळं सुपरवायझरच्या डोक्यात. वर्ष होत आलं, आता सगळं ईआरपीनेक्स्टवर आहे. म्हणजे हिशेब, स्टोअर, उत्पादन एकाच जागी सांभाळणारं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर.

सगळ्यात जास्त फायदा जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाला झाला. प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात. पूर्वी मार्च आला की चलनबुकं उपसायची. आता कोणत्या प्लेटरकडे किती नग अडकलेत ते तिथल्या तिथे दिसतं. ई-इनव्हॉइससाठी (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलासाठी) इंडिया कम्प्लायन्स हे वेगळं अ‍ॅप टाकावं लागतं. तेही ओपन सोर्सच.

आता खर्चाचं. बसवून देणारी मंडळी 'लायसन्स फुकट' एवढंच घोकतात. खोटं नाही ते. जीपीएल हे फुकट वापरायला आणि बदलायला मोकळीक देणारं लायसन्स आहे, माणशी भाडं नाही, शॉपफ्लोअरवर कितीही जणांना लॉगिन द्या. पैसा जातो तो सर्व्हर, ट्रेनिंग आणि आयटम मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी) साफ करण्यात. आमच्याकडे एकच दीड एमएमचा पत्रा तीन नावांनी नोंदलेला होता! स्टोअरचे काका तर दोन महिने वहीसुद्धा भरत होते, आणि त्या वहीनेच दोनदा स्टॉक जुळवला.

खरी गोम पुढे आहे. ग्राहकाचं मालाचं शेड्यूल सिस्टीममध्ये ओढून घेणं, क्यूसी (माल तपासणीचा) रिपोर्ट, आमच्या पद्धतीचं चलन हे सगळं सिस्टीम बसवून देणाऱ्या आमच्या कंत्राटदाराने स्वतःच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये लिहिलं. त्याचा कोड त्यांच्या खात्यात, सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्डही त्यांच्याकडेच. मागितला तर उत्तर, "ते आमचं काम आहे." मग ओपन सोर्स घेऊन आम्ही मिळवलं काय? शेवटचा हप्ता अडवला, तेव्हा कोड, पासवर्ड आणि रोजचा बॅकअप आमच्या हातात आला. तुम्ही हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या. डेमोत गोड बोलणारा माणूस नंतर फोन उचलेलच असं नाही.

आता सातपूरचा एक फ्रीलान्सर मुलगा तोच कोड उघडून किरकोळ बदल करून देतो. सीएंना मात्र अजून टॅलीच हवं, त्यामुळे दर महिन्याला एक्सेल काढून पाठवतो. व्हर्जन अपग्रेडला मार्च एंडनंतरच हात लावणार, तोही आधी टेस्ट सर्व्हरवर.