सात दिवसांचं शिबिर की आठवड्याचे दोन तास?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ला सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. खान्देशातल्या कॉलेजांत उत्साह शिबिराचाच जास्त, आणि त्यात दम आहेच. धडगावची पावरी बोलणारी आणि अमळनेरची अहिराणी बोलणारी मुलगी एकाच चुलीवर कळण्याच्या भाकरी थापतात, रात्री एकमेकींची गाणी शिकतात. वर्गात वर्षभर शेजारी बसूनही एवढी ओळख होत नाही. पण शिबिरात ओढ्यावर मातीची पोती रचून घातलेल्या वनराई बंधाऱ्याची पोती पुढे फाटली की बघायला कोण?

नियमित तासांचं काम साधं: अंध मित्राला धडे वाचून दाखवणं, वसतिगृहातल्या नव्या आदिवासी मुलांसोबत बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं. अर्ज चुकला तर शिक्षणच अडतं. एकच निवडायचं तर मी हेच निवडेन.