छप्पन अंड्यांचं इन्क्युबेटर: खानदेशात वापरून आलेला अनुभव

अंडी फिरवणारी मोटर बंद पडली आणि सर्व्हिसवाल्याशी फोनवर वाजलं, म्हणून हे लिहायला बसलो. पण माझा खरा राग मोटरवर नाही. अंडी उबवायच्या या यंत्राला बाहेरून पाणी ओतायला साधं भोकही ठेवलेलं नाही, त्यावर आहे.

यंत्र तेच, ऑनलाइन सगळीकडे दिसतं ते. छप्पन अंडी, पारदर्शक झाकण, झाकणातच पंखा आणि हीटर, २३० आणि १२ व्होल्ट दोन्हीवर चालणारं. दसऱ्याच्या सुमारास घेतलं. चोपडा तालुक्यात शेतातच घर आहे, गावठी कोंबड्या आहेत, थोड्या कडकनाथ. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात आणि पिल्लं मोठी होईपर्यंत ती पुन्हा अंड्यावर येत नाही. बाजारात गावठी पिल्लाला मागणी असते, म्हणून यंत्र आणलं. आई तेव्हाच म्हणाली होती, "कोंबडीले लाईट लागस का रे?"

हिवाळ्यात यंत्राने मन जिंकलं, हे आधी सांगतो. डिस्प्लेवरचं ३७.५ अंश खरं आहे की नाही ते घरातला तापाचा थर्मामीटर आत ठेवून पाहिलं, ९९.५ फॅरनहाइट, बरोबर. थंडीत आमच्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर सतत चालू राहतो. चारही बाजूंनी थर्माकोल लावलं, हवेची छिद्रं मोकळी ठेवली, आणि विजेचा वापर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून अंडी पाहिली की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, रिकामं अंडं नुसतं उजळतं. रिकामी बाजूला काढली की राहिलेल्यांतून एकविसाव्या दिवशी बहुतेक पिल्लं बाहेर. इथपर्यंत मी ओळखीच्या प्रत्येकाला हे यंत्र घ्यायला सांगत होतो.

मग चैत्र लागला.

पहिले अठरा दिवस आत साधारण ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. एप्रिलच्या दुपारी आमच्या खोलीतला आर्द्रतामापक वीसच्या खाली असतो. (मापक खरा आहे का ते तपासायची सोपी रीत: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं होईल एवढंच पाणी घाला, मापकासह प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवा. ७५ दाखवायला हवं. माझा बाहेरचा मापक दोनाने चुकत होता, यंत्राचा स्वतःचा तब्बल नवाने.) अशा हवेत तळाची पाण्याची पन्हळ सकाळी भरली की दुपारी कोरडी. भरायची तर झाकण उचला, अंड्यांचा ट्रे उचला, मग पाणी ओता. झाकण उचललं की आतली सगळी ओल एका क्षणात बाहेर जाते आणि परत जमायला अर्धा तास लागतो.

अठरा दिवसांपर्यंत हे चालून जातं. शेवटच्या तीन दिवसांत चालत नाही. पिल्लू कवचाला टोच मारून भोक पाडतं आणि पुढे कित्येक तास विश्रांती घेत आत फिरतं. त्या वेळी हवा कोरडी पडली की कवचाखालचा पांढरा पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटतो, मग त्याला वळताच येत नाही. तेव्हा झाकण उघडू नये असं त्यांच्याच माहितीपत्रकात छापलंय, आणि पन्हळ भरलेली ठेवा असंही त्याच पानावर छापलंय. झाकण न उघडता पन्हळ कशी भरायची याचं उत्तर मला त्या कागदात सापडलं नाही. एप्रिलच्या बॅचमध्ये पूर्ण वाढलेली, चोचीने कवच फोडलेली पिल्लं आतच मेलेली पाहिली. फळलेलं अंडं होतं, ऊब बरोबर होती, फिरवणं बरोबर होतं. दहा पैशांचं भोक नव्हतं.

दुसरी गोष्ट, हे यंत्र फक्त तापवतं. गार करायला त्यात काही नाही, आणि या किमतीत असायची अपेक्षाही नाही. पण पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळिशी ओलांडते तेव्हा हीटर बंद असूनही आतला आकडा चढत राहतो आणि अलार्म ओरडतो. थंडीत दोन-तीन तास लाइट गेली तर अंडी तग धरतात. कोंबडीसुद्धा दाणा टिपायला उठतेच. जास्तीची उष्णता मात्र गर्भाला लवकर मारते.

त्याच आठवड्यात मोटर थांबली. ट्रे सरकायचा बंद झाला. हाताने फिरवत राहिलो, सकाळ-दुपार-रात्र, म्हणजे पुन्हा झाकण उघडणं आलंच. सर्व्हिसला फोन लावला तर, "सर, पूर्ण मशीन पाठवा." अंडी आत आहेत म्हटलं. "सर, मशीन बघितल्याशिवाय पार्ट देत नाही." कुरिअर जाऊन-येऊन माझ्या खर्चाने, शिवाय तपासणीचे वेगळे पैसे. गॅरंटी आहे म्हटल्यावर सांगितलं की फिरणारे भाग तिच्यात येत नाहीत. हे कार्डावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी कार्डाचा फोटो पाठवला, त्याला आजतागायत उत्तर नाही. तेव्हा लिहून ठेवलं होतं: घेऊ नका.

जुलैमध्ये पुढचं लिहितोय, आणि माझं मत बदललंय.

मोटर जळगावात दुरुस्तीच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन दाखवली. दुकानदार हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, ही तर मायक्रोवेव्हची काच फिरवणारी मोटर." त्याच जातीची छोटी सिंक्रोनस मोटर, दीडशे रुपयांत मिळाली. घेताना तिच्या पाठीवरचा व्होल्टेज आणि फेऱ्यांचा आकडा जुन्या मोटरशी जुळवून घ्या, कारण काही मायक्रोवेव्हमध्ये कमी व्होल्टची मोटर असते, ती २३० ला लावली की जळेल. दांड्याचा आकारही पाहा. प्लग काढून दोन स्क्रू, दोन वायरी, काम संपलं.

भोक मीच पाडलं. केळीच्या मुलखात ठिबकच्या सामानाची कमी नाही. घरात मायक्रोट्यूबचं अर्धं भेंडोळं पडलेलं होतं. सोल्डरिंग गन तापवून तळाच्या भिंतीला, पन्हळीच्या काठाच्या जरा वर, वायरिंगच्या विरुद्ध बाजूला भोक केलं. नळी आत पन्हळीत सोडली, फट सिलिकॉनने बुजवली. वर खिळ्याला सलाइनची रिकामी बाटली आणि तिच्याच सेटचं चाक, ज्याने थेंब कमी-जास्त होतो. त्यात एक गोष्ट कळायला हवी: आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर ठरते. शेवटच्या तीन दिवसांत पन्हळीत स्पंजचा तुकडा उभा ठेवतो, तो पाणी ओढतो आणि मापक सत्तरला जाऊन टिकतो. झाकणाला हात लावावा लागत नाही.

आणि जागा बदलली. पत्र्याच्या खोलीतून यंत्र उचलून जुन्या धाब्याच्या घरात नेलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. बाहेर ४४ असताना आत दुपारी ३४-३५. हीटरला पुन्हा काम उरलं आणि अलार्म गप्प झाला. आमच्या आजोबांनी बांधलेलं ते घर पाडून स्लॅब टाकायचा विचार होता, तो मी सोडून दिला.

उबवायच्या अंड्यांचंही उन्हाळ्यात बघावं लागतं. २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि अर्धवट सुरू होऊन थांबलेलं अंडं पुढे दगा देतं. म्हणून अंडी माठाखालच्या ओल्या वाळूवर, निमुळतं टोक खाली करून ठेवतो आणि चार-पाच दिवसांच्या वरची घालत नाही. बाहेरून अंडी आणत नाही. नवापूरला २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लूने लाखो पक्षी नष्ट करावे लागले, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही.

मे अखेरची बॅच अशी निघाली की आई स्वतः बघायला येऊन बसली. काही पिल्लं रात्री खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवली, तिने सकाळी आपली म्हणून फिरवायला नेली. बाकीची बल्बखाली, पहिला आठवडा ९५ फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. सातव्या दिवशी राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस डोळ्यात.

पावसाळ्यात उलटा प्रकार. हवेतच इतकी ओल की पन्हळ कोरडी ठेवूनही मापक साठीला. इथे मापकापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाला येतो. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. ४५ ग्रॅमचं गावठी अंडं ३९-४० ग्रॅमवर यावं. कमी घटलं तर आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. या बॅचला पहिले अठरा दिवस पाण्याचा थेंब घातला नाही, अठराव्या दिवशी स्पंज ठेवला.

१२ व्होल्टच्या सोयीबद्दल विचारणा होते. हीटर ८० वॅटचा, म्हणजे जवळपास सात अँपिअर. मोटारसायकलच्या बॅटरीवर तासभरही चालेल असं धरू नका. ट्रॅक्टरची बॅटरी रात्र काढते, पण सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायला हवा असेल तर वेगळी ठेवा.

आता घ्यायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये घ्या, म्हणजे हिवाळाभर हात बसेल. घेण्याआधी पाहा: पाणी ओतायला बाहेरून नळी असलेलं मॉडेल शे-दोनशे रुपये जास्त देऊन मिळत असेल तर तेच. नसेल तर सलाइनचा सेट मेडिकलमधून आणा आणि पहिलं अंडं ठेवायच्या आधी भोक पाडा. सर्व्हिसवाल्यांना मी गॅरंटी कार्डाचा फोटो पुन्हा पाठवलाय.