काजू कारखान्यासाठी टॅली, ईआरपीनेक्स्ट की ओडू?

गोव्यात डिचोली-सत्तरीतला जो कारखाना पूर्वी फक्त घाऊक काजू विकायचा, त्याचं आता म्हापशात दुकान असतं, ऑनलाइन ऑर्डरीही येतात. हिशेब मात्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच. त्यातच भर घालायची की खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट किंवा ओडूसारखी नवी प्रणाली घ्यायची? आधी बघा, बदललंय काय: कागद की काम?

कागदच बदलला असेल, म्हणजे बिलावर जादा रकाना किंवा 5 कोटींवरच्या उलाढालीला लागणारं ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल), तर टॅली सोडू नका. तयार सोय नसेल तिथे टीडीएल (टॅलीत बदल करायची तिची स्वतःची भाषा) वापरून ती लिहून घेता येते. फक्त तिची मूळ फाइल मागून घ्या. नुसती टीसीपी, म्हणजे आत बदल न करता येणारी तयार फाइल, हातात आली, तर पुढच्या प्रत्येक बदलाला त्याच माणसाच्या दारात जावं लागेल.

काम बदललं असेल तर खरा कस लागतो. 80 किलो काजूबियांतून साधारण 20 किलो गर निघतो, तोही डब्ल्यू240, डब्ल्यू320 (अख्ख्या गराच्या आकारानुसार प्रती), पाकळी, तुकडा असा. खर्च नुसत्या वजनावर वाटलात, तर तुकडा अख्ख्या गराच्याच भावाने पडतो: अख्ख्यात खोटा नफा, तुकड्यात खोटा तोटा. ओडूत प्रत्येक उपउत्पादनाला खर्चाचा वाटा टक्क्यांत देता येतो. इथे ओडू सरस. ईआरपीनेक्स्टच्या रीपॅक (एका मालातून दुसरा माल काढल्याच्या) नोंदीत तयार माल अनेक घेता येतात, पण त्यांचे दर हाताने भरावे लागतात. ते कसे काढायचे हे लेखापालाकडून आधीच ठरवून घ्या.

तरीही दहा-पंधरा जण नोंदी करणार असतील तर आमचा कौल ईआरपीनेक्स्टला. परवाना शुल्क नाही, नवे रकाने फुकटात जोडता येतात. ओडूत त्यासाठीचं स्टुडिओ फक्त सशुल्क एंटरप्राइझ आवृत्तीत मिळतं, आणि पैसे माणशी. मूळ कोडला मात्र दोन्हीकडे हात लावू नका; पुढच्या अपडेटला गाडी तिथेच अडते. ईआरपीनेक्स्टमध्ये बॅचची खूण (माल लॉटवार ओळखायची सोय) आणि मोजमापाचं एकक पहिल्या साठा-नोंदीआधीच पक्कं करा. नंतर ते बदलू देत नाही, नवा आयटम काढावा लागतो.

सुरुवात 1 एप्रिलला नको. तेव्हा बियांची खरेदी ऐन भरात असते. 1 जुलै बरा: आवक थांबलेली असते, गोदाम मोजता येतं. पुढे महिनाभर दोन्हीकडे नोंदी ठेवा. साठा जुळत नसेल तर आधी पोत्यांचं बारदान वजनात धरलंय का, ते तपासा.