टर्नर सिंड्रोम: ग्रोथ हार्मोन आत्ताच सुरू करावे, की आधी जनुकांची आणखी चाचणी?

टर्नर सिंड्रोमचे (मुलीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसण्याचे) निदान झालेल्या मुलीच्या नाशिकमधील आईवडिलांसमोर दोन पर्याय असू शकतात. कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट आल्यावर बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ग्रोथ हार्मोन सुरू करणे हा एक. औषध महाग आणि वर्षानुवर्षे चालणारे असल्याने, ते मुलीला लागू पडेल का, याचा अंदाज देणारी जनुकीय चाचणी आधी करून घेणे हा दुसरा.

या मुलींच्या शरीरात ग्रोथ हार्मोनची कमतरता सहसा नसतेच. एक्स गुणसूत्राच्या टोकावरील शॉक्स या जनुकाच्या दोनऐवजी एकच प्रत कामात असल्यामुळे हाडांची वाढ खुंटते आणि उपचारांविना प्रौढ उंची सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा सुमारे २० सेंटिमीटरने कमी राहते. म्हणूनच मात्राही हार्मोनची कमतरता असलेल्या मुलांपेक्षा जास्त असते: किलोमागे दररोज ४५ ते ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलीला रोज रात्री इंजेक्शनच्या पेनमधून जवळपास १ मिलिग्रॅम.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. कॅनडातील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत औषध घेतलेल्या मुलींची उंची न घेतलेल्यांपेक्षा सुमारे ७ सेंटिमीटरने जास्त भरली. सुरुवात जितकी लवकर, तितका फायदा होण्याची शक्यता अधिक. आईवडिलांची उंचीही परिणामात मोठा वाटा उचलते, आणि ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसऱ्या पर्यायात प्रामुख्याने ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरच्या (पेशीवरील हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातील तिसरा एक्झॉन, म्हणजे जनुकाचा एक तुकडा, गाळलेला आहे का, हे पाहिले जाते. हा भाग नसलेल्या काही ठेंगण्या मुलांची वाढ औषधाने अधिक झाल्याचे २००४ मध्ये दिसले. टर्नर सिंड्रोममध्ये मात्र काही अभ्यासांत तसा फरक आढळला, काहींत नाही. अशा चाचणीच्या आधारे एखाद्या मुलीला औषध नाकारणे मला पटत नाही, आणि रिपोर्टची वाट पाहत वाढीचे महिने दवडणे तर त्याहून कमी पटते. पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी नीट मोजलेली उंची आणि रक्तातील आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाने तयार होणारा वाढीचा घटक) यांतून प्रतिसादाचा अधिक उपयोगी अंदाज मिळतो.

कॅरिओटाइपची गोष्ट वेगळी. ४५,एक्स (सर्व पेशींत एकच एक्स गुणसूत्र) असो वा मोझेक (काही पेशींतील गुणसूत्रे वेगळी), त्यावरून औषधाचा प्रतिसाद ठामपणे सांगता येत नाही; तरी ती तपासणी टाळून चालणार नाही, कारण वाय गुणसूत्राचा अंश सापडला तर बीजकोशात गाठ होण्याचा धोका असतो आणि ते काढून टाकण्याचा विचार करावा लागतो. हृदयाची तपासणी तर दोन्ही पर्यायांत अटळच.

व्यवहाराची एक बाब. बहुतेक पेन २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात मुंबईच्या डॉक्टरांकडे निघताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये आइस पॅक सोबत हवाच, पण पेन त्याला थेट चिकटू देऊ नये. एकदा गोठलेले औषध वाया गेलेच म्हणून समजावे.

थांबणे योग्य ठरते ते निराळ्या कारणांनी. मोझेक मुलीची उंची तक्त्यावर व्यवस्थित वाढत असेल, तर दर सहा महिन्यांनी मोजमाप घेत राहणे पुरेसे असते. याउलट एक्स-रेवरून ठरवलेले हाडांचे वय १४ च्या पुढे गेले, म्हणजे वाढ जवळपास संपली असेल, तर दोन्ही पर्यायांवर खर्च करण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा इस्ट्रोजेन आणि हृदयाची देखरेख यांकडे लक्ष वळवावे.