हनीवेल पीटीएम७९५० पॅड: तापणाऱ्या गेमिंग लॅपटॉपसाठी पैसे वसूल

माझा लॅपटॉप गेम चालू केला की ९५ डिग्रीच्या वर जाऊन बसायचा, आणि १०० च्या जवळ आला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो त्यामुळे ऐन फाइटमध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) धाडकन पडायचे. साधी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंक म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या भागाकडे नेणारा लेप) लावली की काही महिने बरं चालतं मग परत तेच, कारण लॅपटॉपमध्ये सारखं गरम-थंड होऊन पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते. हे पॅड त्या पेस्टच्या जागी लावायचं, ते साधारण ४५ डिग्रीला मऊ होतं, नीट पसरतं आणि जागा सोडत नाही. आता तोच गेम ८५ च्या आसपास चालतो, खरंच खूश आहे!

लावताना पॅडवरची प्लास्टिक फिल्म लवकर सुटत नाही, पॅड थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा मग सहज निघते. पहिल्याच दिवशी रिझल्ट बघून नाराज होऊ नका, दोनचारदा चांगलं तापू द्या. आणि उघडलंच आहे तर फॅनमधली धूळ पण काढा, हीटसिंकच्या जाळीत धूळ अडकली असेल तर कुठलंही पॅड लावून फार फरक पडणार नाही.

नकली माल भरपूर फिरतोय, एकदम स्वस्त दिसलं तर घेऊ नका.