अमॅरिलिस की रेन लिली? खिडकीच्या ग्रिलपुरता विचार

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत रविवारी सकाळी आम्ही कंदवाली चार-पाच माणसे जमतो, आणि बोलणे कुठूनही सुरू झाले तरी ते कंदांवरून पावसावर आणि पावसावरून बागकामाच्या पुस्तकांवर जातेच. गेल्या मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या वहिनींनी तिथे नेमका प्रश्न विचारला : “भाऊ, ग्रिलमध्ये सहा कुंड्यांपुरतीच जागा आहे. अमॅरिलिस लावू की रेन लिली?” दोन्ही कंदांपासून येणारी फुलझाडे : अमॅरिलिस मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची, रेन लिली पावसानंतर फुलणारी, गवतासारख्या पानांची. आम्ही सगळेच एकदम बोलू लागल्यामुळे त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. ही निवड मी स्वतः काही वर्षांपूर्वी केलेली आहे आणि तिच्यापायी थोडेफार नुकसानही सोसले आहे, म्हणून जे त्या दिवशी सांगायचे राहिले ते इथे सावकाश मांडतो. माझे घर गोरेगाव पूर्वेला, आरेच्या झाडीच्या कडेला आहे, खिडकी पूर्वेची आहे आणि सकाळी साधारण चार तास ऊन येते. पुढचे सगळे या चौकटीत वाचावे.

आधी नावाचा घोळ, कारण तो केवळ पंडिती नाही. नर्सरीत अमॅरिलिस म्हणून मिळते ते हिप्पिॲस्ट्रम, दक्षिण अमेरिकेतले. खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातली असून ते नाव कोणाचे हा वाद १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसने तिच्या बाजूने निकाली काढला; आपल्याकडच्या नर्सरीतली पाटी मात्र तशीच राहिली. आमच्यातल्या एका काकांनी जाड इंग्रजी पुस्तकात ‘अमॅरिलिस’ हे पान उघडून त्याबरहुकूम कुंड्या उन्हाळाभर अगदी कोरड्या ठेवल्या. ते पान आफ्रिकेच्या झाडाचे होते, जे हिवाळी पावसावर पाने काढते आणि उन्हाळ्यात झोपते. आपल्या हिप्पिॲस्ट्रमला उन्हाळ्याच्या तोंडाशी फूल येते आणि तेव्हापासून पावसाळा संपेपर्यंत त्याचा जेवणाचा काळ असतो. काकांचे कंद भर वाढीच्या दिवसांत उपाशी राहिले आणि दोष मातीला गेला.

पुस्तकांविषयी आणखी एकच तक्रार करतो. कंदांवरची बहुतेक पुस्तके थंड मुलखात लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांतली निम्मी पाने गोठणाऱ्या जमिनीतून कंद कसे वाचवावेत यावर खर्ची पडतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ चे आहे, ७.४ अंश सेल्सिअस. म्हणजे मुंबईतल्या कंदाला थंडीपासून भय नाही. त्याचे जे काही व्हायचे ते पावसात होते. याच ठिकाणी एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि ग्रिलमधली कुंडी तो बहुतेक सगळा अंगावर घेते. म्हणून या दोन झाडांची तुलना करताना मी एकच विचारतो : जुलैमध्ये यांचे काय होते?

आता अमॅरिलिसची, म्हणजे आपल्या नर्सरीतल्या हिप्पिॲस्ट्रमची, बाजू, आणि ती मी हात राखून मांडणार नाही. मार्चअखेर, घरात पंखे पुन्हा सुरू झालेले असताना, निपचित दिसणाऱ्या कंदाच्या मानेतून हिरवी चोच बाहेर येते. ती पानाची असेल तर बारीक आणि चपटी असते, दांड्याची असेल तर जाड आणि किंचित फुगीर. हा फरक ओळखू येईपर्यंतचे दोन-तीन दिवस मी कामावर निघताना पायात बूट चढवून पुन्हा खिडकीशी जात असे. त्यानंतर हातभर दांडा, त्यावर चार दिशांना चार कर्णे, आणि समोरच्या इमारतीतून कोणीतरी खुणेने विचारणार की हे काय आहे. एका दांड्यावरची फुले माझ्याकडे आठवडाभर तरी टिकत. ऊन थोडे कमी असले तरी ती नाराज होत नाही. रेन लिलीच्या कुठल्याही फुलाने असा रुबाब आजवर दाखवलेला नाही, हे तिच्या पक्षातला असूनही मान्य करतो.

या वर्गात पुन्हा दोन जाती आहेत. जुन्या चाळींच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाशी दिसणारी गावठी केशरी-लाल अमॅरिलिस चिवट असते. पाकिटातून किंवा प्रदर्शनातून येणारे मोठे डच कंद पहिल्या वर्षी थक्क करतात, कारण ते फूल पोटात घेऊनच आलेले असतात. आपली परीक्षा दुसऱ्या वर्षी सुरू होते. एका नर्सरीवाल्याने मला पांढरे म्हणून दिलेले तीन कंद तिन्ही लाल निघाले, पण तो रागही एका हंगामात विरला. ज्यामुळे माझा निर्णय झाला ती गोष्ट वेगळीच आहे.

पहिली दोन वर्षे ठीक गेली. तिसऱ्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सलग चार दिवस पाऊस कोसळत असल्यामुळे मी खिडकी उघडली नव्हती. पाचव्या दिवशी उघडली तर आठपैकी सहा कुंड्यांत पानांच्या जागी बोटभर लांबीचे ओले खुंट उभे होते, खिडकीच्या कट्ट्यावर काळ्या मोहरीसारखी विष्ठा पसरली होती, आणि एका खुंटाच्या बेचक्यात काळपट अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. हा लिली मॉथ नावाचा पतंग. कळलावी ही रानवेल त्याचे आवडते खाद्य आणि त्याच्या शास्त्रीय नावातही तिचेच नाव गुंफलेले आहे. पावसाळ्यात आरेकडच्या झुडपांत कळलावी फुलते, तेव्हा तिच्या शेजारधर्माचा हा प्रसाद आमच्याकडे कदाचित तिथूनच पोहोचत असावा. मी अळ्या चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, निंबोळी तेल फवारले (जे तासाभरात पावसाने धुऊन नेले), आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाने आल्यावर प्रकरण मिटले असे समजलो.

ते मिटले नव्हते. हिप्पिॲस्ट्रमच्या कंदात साधारणपणे दर चार पानांमागे एका फुलदांड्याचा अंकुर धरला जातो, आणि त्या अंकुराला पोसण्याचे काम पावसाळ्यातली पाने करतात. जुलैतली पाने गेली, कंदाने साठवलेले अन्न मोडून दुसरी पाने काढली, आणि वरून सगळे हिरवेगार दिसत असताना आतले गणित चुकत गेले. ऑक्टोबरनंतर मी नियमाने पाणी तोडले, जानेवारीत वरची माती बदलली, शेणखत घातले. मार्चमध्ये आठही कुंड्यांतून चोची आल्या आणि त्या आठही पानांच्या निघाल्या. जुलैच्या चार दिवसांची चूक मला मार्चच्या अखेरीस कळली, आणि ती सुधारली की नाही हे समजायला आणखी एक वर्ष थांबणे आले. पुढच्या जुलैत मी रोज रात्री विजेरी घेऊन पानांची खालची बाजू तपासू लागलो. पत्नीने एकदा शांतपणे विचारले, “हे झाड आहे की दहावीचा मुलगा?”

मला वैताग आला तो अळीचा नव्हता, कारण अळी तर रेन लिलीलाही लागते आणि तिचीही पाने फस्त करते. वैताग या उशिरा लागणाऱ्या निकालाचा होता. वर्षातून एकदा फुलणारे झाड चुकले की त्याच्याकडून शिकायलाही वर्षातून एकदाच मिळते, आणि तोवर आपण पाणी, खत, ऊन, जागा यांपैकी नेमके काय बदलले होते हे आठवत नाही. ज्यांना वही ठेवण्याची सवय आहे त्यांना हा मुद्दा कदाचित क्षुल्लक वाटेल; माझी वही दर वर्षी ऑगस्टमध्ये थांबते.

रेन लिली माझ्याकडे याच सुमारास आली, तीही न मागता. तळमजल्यावरच्या मावशी गावी जायला निघाल्या होत्या आणि त्यांनी तेलाच्या कापलेल्या डब्यात दाटलेले गुलाबी रेन लिलीचे बेट माझ्या दाराशी आणून ठेवले : “हे तुमच्याकडे राहू दे, पाणी नाही घातलं तरी चालेल.” मी ते शब्दशः घेतले. मे महिना डबा कोरडा राहिला, पाने पिवळी पडून लोळली. जूनमध्ये वळवाच्या दोन सरी पडल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी त्या डब्यात एकोणीस फुले उभी होती. संध्याकाळी ती मिटली, दुसऱ्या दिवशी मलूल झाली आणि तिसऱ्या दिवशी तिथे काहीही नव्हते.

हाच तिचा मोठा दोष, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सकाळी सातची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या माणसाला तिची फुले मिटलेलीच दिसतील आणि बहर नेमका बुधवारी येईल. शिवाय तिला ऊन हवे. चार तासांच्या आत फुले विरळ होतात आणि नुसते गवत उरते. पण त्या हंगामात ती मावशींच्या डब्यात पुन्हा जुलैच्या उघडिपीनंतर आली, मग ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये दोनदा. मधल्या काळात अळ्यांनी तिचीही पाने खाल्ली होती, पण महिनाभरात पाने आणि फुले दोन्ही परत आली. काय चुकले, काय जमले हे ती त्याच पावसाळ्यात सांगून टाकते.

तिच्या फुलण्यामागचे कारण हा आमच्या गच्चीवरचा कायमचा वाद आहे. काका म्हणतात, पावसाच्या पाण्यातच काहीतरी असते. मला वाटते की तिला कोरडा खंड आणि त्यामागोमाग मनसोक्त भिजणे एवढेच पुरते, कारण कुंडी पंधरा-वीस दिवस छपराखाली कोरडी ठेवून नंतर बादलीत बुडवल्यावर मला नळाच्या पाण्यावरही फुले मिळाली आहेत. ती पावसानंतरच्या फुलांपेक्षा कमी होती, हेही कबूल करायला हवे. काका तेवढ्यावर जिंकल्यासारखे हसतात.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पैशाने पाहिले तर एका चांगल्या डच कंदाच्या किमतीत रेन लिलीची कुंडी भरते, आणि ती दोन वर्षांत एवढी पिल्ले देते की वाटायला माणसे शोधावी लागतात. अमॅरिलिसचा कंद निम्मा मातीबाहेर ठेवावा लागतो, आणि नर्सरीची नुसती लाल माती वापरली तर मान कुजते. रेती आणि विटांचा चुरा दोघींनाही लागतो, पण हयगय झाली तर रेन लिली निभावून नेते. दोघींचेही कंद विषारी आहेत. अमॅरिलिसचा कंद कांद्यासारखा आणि रेन लिलीचा सांबारातल्या छोट्या कांद्यासारखा दिसतो, म्हणून काढलेले कंद स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, पिशवीवर नाव न लिहिता, एका रात्रीपुरतेही ठेवू नयेत. घरात मांजर असेल तर कुंड्या तिच्या तोंडापासून दूर असाव्यात.

तेव्हा वहिनींना मी असे सुचवेन. त्यांची खिडकी उत्तरेची असेल, ऊन जेमतेम दोन तास असेल आणि पावसाळ्यात रोज पाने उलटून पाहण्याचा कंटाळा नसेल, तर गावठी लाल अमॅरिलिस खुशाल लावावी. कंद पाकिटातला न घेता कोणाच्या तरी अंगणातला मागून आणावा. ऊन चांगले असेल तर सहापैकी पाच कुंड्या रेन लिलीला द्याव्यात, त्यांतल्या चार गुलाबी आणि एक पांढरी, कारण पांढरी माझ्याकडे ऑगस्टनंतर, गुलाबीचा जोर ओसरल्यावर, रंगात येते. सहावी कुंडी अमॅरिलिसला ठेवायला माझी हरकत नाही. माझ्याकडेही एक आहे आणि रात्रीची विजेरी अजून खिडकीशीच टांगलेली आहे. रेन लिलीचे कंद नर्सरीतून घ्यायची गरज नाही, माझ्या डब्यातले बेट यंदा फोडायचेच आहे. सहा इंची कुंडीत आठ-दहा कंद दोन बोटे खोल लावून मान तेवढी मातीबरोबर ठेवावी, एकदा पाणी द्यावे, आणि पहिला पाऊस येईपर्यंत झारीला हात लावू नये.