अभ्यासक्रम उत्तम, पण गट कोणी जुळवायचा?

संख्याशास्त्राच्या मूलभूत संकल्पना गटात शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. ध्वनिचित्रफिती नेटक्या आहेत, स्वाध्यायांची काठिण्यपातळी विचारपूर्वक ठरवलेली आहे आणि शंकांची उत्तरे वेळेवर मिळतात. त्यामुळे आशयाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. मात्र अभ्यासक्रमाची जाहिरात सोबतीने शिकण्यावर बेतलेली असल्याने त्याचे मोजमापही त्याच निकषावर व्हायला हवे, आणि तेथे चित्र संमिश्र आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात दर तासाला सहभागींची ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे लहान गटांसाठीच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्यांत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी होत असे. दर वेळी नवे चेहरे, सक्ती असूनही बरेचसे कॅमेरे बंद, सगळ्यांचे माइक म्यूट, आणि ‘कोण सुरुवात करतंय?’ या प्रश्नानंतरची अवघडलेली शांतता. नावे कळेपर्यंत रूम बंद होण्याची सूचना पडद्यावर झळकू लागे. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ जातो. इंटरनेटमुळे होणारा थोडासा विलंबही ही लय मोडतो. मग दोघे एकदम बोलतात, दोघेही ‘तुम्ही बोला’ म्हणत थांबतात, आणि मुळातच भिडस्त असलेला माणूस त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडलेल्या आराखड्यात ऑनलाइन शिक्षणासाठी बोधात्मक (विचार करून आशय समजून घेणे), अध्यापकीय (शिकवण्याची आखणी आणि मार्गदर्शन) आणि सामाजिक (माणूस म्हणून एकमेकांशी जोडले जाणे) अशा तीन प्रकारच्या उपस्थिती आवश्यक मानल्या आहेत. या अभ्यासक्रमाच्या रचनाकारांनी पहिल्या दोन मनापासून घडवल्या आणि तिसरी आपोआप उगवेल असे गृहीत धरले. संवादाची सोय करून दिली की संवाद होतोच, हा समज किती फसवा आहे, याकडे क्राइन्स, किर्शनर आणि योखेम्स यांनी २००३ मध्येच लक्ष वेधले होते.

प्रकल्पासाठी पाच जणांचे कायमस्वरूपी गट झाल्यावर मात्र वातावरण पालटले. कोणाचे मूल कधी झोपते, कोण रात्रीच जागा असतो, कोणाला आलेखांची धास्ती वाटते, हे एकमेकांना ठाऊक झाले आणि ‘मला हे समजलेच नाही’ असे म्हणणे सोपे झाले. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातील खरे शिक्षण या वाक्यापासून सुरू झाले. भांडणही याच टप्प्यात झाले. सामायिक दस्तऐवजातील एका सहकाऱ्याचा अख्खा परिच्छेद दुसऱ्याने न विचारता पुसला. बदलांच्या नोंदीत ते दिसत होते, पण तोंडाने कोणी काही बोलेना, आणि दुखावलेली व्यक्ती चर्चेत केवळ अंगठ्याचे चिन्ह टाकू लागली. आमच्या मार्गदर्शिकेने दोष कोणाचा हे न विचारता गटाकडून एक नियम लिहून घेतला: दुसऱ्याचा मजकूर पुसायचा नाही, शेजारी सूचना लिहायची आणि तिचे कारण द्यायचे. त्यानंतर काम पुढे सरकले. दुसऱ्या एका गटाच्या मार्गदर्शकाने अशाच वादात ‘आपापसांत मिटवा’ एवढेच सांगितल्याचे कानावर आले. म्हणजे ही सेवा चांगली की वाईट, हे बव्हंशी नशिबाने कोण वाट्याला येते यावर ठरते.

गुणदानाची पद्धत सर्वांत कच्ची वाटली. प्रकल्पाला सर्वांना सारखेच गुण दिले जातात. गट मोठा झाला की प्रत्येकाचा प्रयत्न घटतो, हे लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या साध्या प्रयोगांतून दाखवले होते, आणि वैयक्तिक वाटा ओळखता आला की ही ढिलाई कमी होते हेही पुढे दिसून आले. बदलांची नोंद हाताशी असताना वैयक्तिक योगदानाला थोडेसे गुण राखून ठेवणे अवघड नव्हते.

कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही अनाठायी आहे. स्वतःचा चेहरा सतत दिसणे आणि पडद्यासमोर खिळून बसावे लागणे ही व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची कारणे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली आहेत. निदान स्वतःची चौकट लपवण्याची सोय पहिल्याच तासाला दाखवली असती, तर अनेकांचा ताण हलका झाला असता.

विषय शिकायचा असेल तर अभ्यासक्रम जरूर घ्यावा. सोबतीसाठी घेत असाल, तर नोंदणीपूर्वी गट कायमस्वरूपी कधी होतात, मार्गदर्शक बदलून मिळतो का आणि गुण कसे वाटले जातात, याची लेखी उत्तरे मागून घ्यावीत.